न्हावा ते करंजा : समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी यार्डाची जमीन आत्ताच तयार करावी का?

मातीपरीक्षक, बेलापूर

गेली बावीस वर्षं मी आपल्या किनाऱ्यावरचा चिखल तपासतो आहे. उलवे, द्रोणागिरी, उरण, वाशीची खाडी. बोअर घ्यायचं, नमुना काढायचा आणि ही जमीन किती खचेल, किती दिवसांत खचेल ते सांगायचं, हे माझं काम. त्यातून एक मत तयार झालं आहे, ते इथे मांडतो. विरोध जरूर करा, मला तो ऐकायचा आहे.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. ५०० मेगावॉट गुजरातच्या किनाऱ्यासमोर, ५०० तमिळनाडूच्या. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. या पहिल्या फेरीत महाराष्ट्राचा समुद्र नाही, हे मान्य. पण चक्क्या गुजरातसमोर उभ्या राहिल्या तरी त्यांचे पाये आपल्याकडे का घडू नयेत? मुंबईहून पिपावाव समुद्रमार्गे सुमारे १५० सागरी मैल. टगने, म्हणजे ओढणाऱ्या बोटीने, बार्ज (सपाट तळाचा मालवाहू तराफा) ओढत न्यायचा तर दीड-दोन दिवस. आणि हे काम आपल्या किनाऱ्याला नवं नाही. १९७४ मध्ये समुद्रात विहीर खणणाऱ्या 'सागर सम्राट'ने मुंबईसमोरच्या बॉम्बे हायला तेल शोधलं. त्यानंतर समुद्रात जे प्लॅटफॉर्म उभे राहिले त्यांतले कितीतरी न्हाव्याच्या माझगाव डॉकच्या यार्डात घडले. अटल सेतूचे पोलादी स्पॅन करंजाला जुळवून बार्जने नेले, ते तर अगदी अलीकडचं.

आता घाई कशाची, ते सांगतो. एका मोठ्या पवनचक्कीचा पोलादी पाया, ज्याला मोनोपाइल म्हणतात, तो आठ-दहा मीटर व्यासाचा आणि हजार ते दोन हजार टनांचा असतो. काँक्रीटचा असेल तर आणखी जड. फ्रान्समधल्या फेकांच्या पवनक्षेत्रासाठी ल हाव्रच्या धक्क्यावर ७१ पाये ओतले, प्रत्येकी सुमारे ५,००० टनांचा. अशी वस्तू जमिनीवर घडवायची, सरकवत धक्क्यावर आणायची, बार्जवर चढवायची. अमेरिकेत न्यू बेडफर्डला खास या कामासाठी जे टर्मिनल बांधलं, त्याची जमीन चौरस मीटरला २० टन भार पेलते. सोप्या भाषेत सांगायचं तर दहा मीटर उंच मुरमाचा ढीग सगळ्या यार्डभर पसरला तरी जमीन हलता कामा नये.

आपल्याकडे खाली काय आहे? मऊ, काळा चिखल. कुठे पाच मीटर, कुठे पंधरा-वीस. त्याखाली मुरूम आणि मग बेसॉल्ट. या चिखलावर नुसता भराव टाकला तर तो वर्षानुवर्षं खचत राहतो, आणि सगळीकडे सारखा खचत नाही. एक कोपरा दहा सेंटिमीटर बसला आणि दुसरा चाळीस, की क्रॉलर क्रेन तिथे उभी करता येत नाही. म्हणून चिखलात मीटर-सव्वा मीटरच्या अंतराने उभ्या पट्ट्या खुपसायच्या, ज्यांना बँड ड्रेन म्हणतात. वर भार टाकायचा आणि आतलं पाणी त्या पट्ट्यांतून वर येऊ द्यायचं. घरी दही फडक्यात बांधून वर पाटा ठेवून चक्का करतात, तसंच. फरक इतकाच की हा चक्का व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्याच्याआधी बोअरिंग आणि परवानग्या, त्याच्यानंतर पाइलिंग (खांब ठोकणं), धक्का, ड्रेजिंग (गाळ उपसणं). टेंडर निघाल्यावर पहिलं बोअर घ्यायला निघालो तर काम मिळूनही आपण चार वर्षं उशिरा तयार होऊ, आणि तोवर ते दुसऱ्या बंदराकडे गेलेलं असेल.

माझं म्हणणं एका वाक्यात : न्हावा ते करंजा या पट्ट्यातला जो किनारा आज रिकामा पडून आहे, त्यातली एक जागा राज्याने आत्ताच निवडावी आणि जमीन पक्की करायला घ्यावी.


नाखवा, दिवाळे

साहेब, तुमचं सगळं वाचलं. दोनदा वाचलं. दह्याचं उदाहरण चांगलं आहे, समजलं. पण एवढ्या मोठ्या लेखात मच्छीमार हा शब्द एकदाही आला नाही. कोळी नाही, आगरी नाही, गाव नाही. 'रिकामा पडून आहे' असं मात्र आलं.

रिकामा कोणाला दिसतो? ओहोटीला तुम्ही पुलावरून गेलात तर चिखल दिसतो, बरोबर. त्या चिखलात आमच्या बायका निवट्या काढतात, चिंबोऱ्या काढतात. जिताड्याचं पिल्लू तिथेच वाढतं. खाडीच्या तोंडाशी डोळ, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावलेली असते, तिचे खुंट पाण्याखाली असतात, ते तुमच्या नकाशात येत नाहीत. डोळ लावायची जागा घराण्याची ठरलेली असते, बापाकडून मुलाकडे येते. तिचा सातबारा नसतो. म्हणून ती रिकामी?

जमीन पक्की करण्याची गोष्ट या भागात पहिल्यांदा निघालेली नाही. नवी मुंबई झाली, न्हावा-शेवा बंदर झालं, सेतू झाला, विमानतळ झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या मागे उरणची माणसं उभी राहिली, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा साडेबारा टक्क्यांचं सूत्र, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड परत, पदरात पडलं. ते शेतकऱ्याला. खाडीवाल्याला किती टक्के? बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी गेली म्हणून लोक राष्ट्रीय हरित लवादात गेले, २०१५ ला निकाल लागला, १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख द्या म्हणून. भागाकार करून बघा, घराला पावणेसहा लाखांच्या आसपास. आयुष्यभराच्या धंद्याचे. आणि त्यानंतरही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलंच.

तुम्ही म्हणता आधी बोअर, मग पट्ट्या, मग भार. मी म्हणतो तुमच्या यादीत पहिलं काम राहिलं. त्या पाण्यात कोण काय काढतो, किती काढतो, कोणत्या महिन्यात काढतो, ते बोअरच्या आधी लिहून घ्या. नंतर विचारलं की पुरावा मागता. पुरावा तुमच्या भरावाखाली गेलेला असतो.


मातीपरीक्षक, बेलापूर

नाखवा, 'रिकामा' हा शब्द चुकला. मागे घेतो. आमच्या नकाशावर जिथे बांधकाम नाही ती जागा पांढरी असते आणि ते पांढरं बघण्याची सवय लागते. खुंटांचं म्हणालात ते खरं आहे. एका कामात आमच्या बार्जचा नांगर कुणाच्या तरी दोरात अडकला होता, तेव्हाच कळलं की तिथे डोळ आहे.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. माशांची पाहणी वर्षभर चालेल, ती आणि बोअरिंग एकाच वेळी होऊ शकतं. एक संपल्यावर दुसरं, असं केलं तर पुन्हा उशीरच.


हिशेबनीस, नेरुळ

मी अभियंता नाही. सार्वजनिक उपक्रमाच्या लेखा विभागात चौतीस वर्षं काढली, त्यामुळे प्रश्न पैशाचा विचारतो. ऑर्डर कुठे आहे?

पाचशे-पाचशे मेगावॉट मिळून १ गिगावॉट ऐकायला मोठं वाटतं. १५ मेगावॉटची एक चक्की धरली तर एकूण ६७ चक्क्या होतात, म्हणजे गुजरातच्या वाट्याला ३४. चौतीस पायांसाठी यार्ड? तुम्हीच लिहिलंत की ल हाव्रला एका प्रकल्पासाठी ७१ पाये ओतले, तेही आधीच असलेल्या बंदराच्या धक्क्यावर. धोरण २०१५ चं आहे. इतक्या वर्षांनंतरही भारताच्या समुद्रात वीज विकणारी एकही पवनचक्की उभी नाही. ज्या ६०० कोटींचा उल्लेख केलात ते दोन बंदरांत वाटले जातील आणि त्यात आपलं नाव असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. गुजरातकडे स्वतःचा किनारा आहे, स्वतःची बंदरं आहेत. ते काम आपल्या हाती का देतील?

आणि आधी जमीन तयार करून ठेवण्याचा प्रयोग जगात झालेला आहे. स्कॉटलंडमध्ये १९७० च्या दशकात उत्तर समुद्रातल्या तेलासाठी काँक्रीटचे प्रचंड प्लॅटफॉर्म लागणार असा सगळ्यांचा होरा होता. पोर्टावॅडी नावाच्या जागी सरकारने खड्डा खणून यार्ड तयार केलं. शेजारी कामगारांसाठी पोलफेल नावाची वसाहतही बांधली. एकही प्लॅटफॉर्म तिथे बांधला गेला नाही. एकही! वसाहतीत एकही कामगार राहायला आला नाही. रिकामी घरं चाळीस वर्षं पावसात उभी राहिली आणि २०१६ मध्ये पाडली. मागणीचा अंदाज चुकला एवढंच कारण. पोलादी जॅकेट, म्हणजे पाइपांचे सांगाडे, स्वस्त पडू लागली आणि काँक्रीटचे ग्राहक आटले.

तुम्ही म्हणता चिखलाला वेळ लागतो. मान्य. पण कर्जाचं व्याज त्याच वेळात वाढत असतं. वर भार टाकून वर्षभर थांबायचं, म्हणजे वर्षभर काहीही न कमावणारा पैसा जमिनीत पुरायचा. शिवाय पवनऊर्जेत पाया कोणता वापरायचा हेच ठिकाणागणिक बदलतं. मोनोपाइल, जॅकेट, काँक्रीटचा पाया, आता तर तरंगते पाये. तुमचं यार्ड यांपैकी कशासाठी? पोलाद वळवणाऱ्या यार्डाची जमीन आणि काँक्रीट ओतून, मग पाणी आत सोडून पाया बाहेर तरंगवायचा खोल खड्डा म्हणजे ड्राय डॉक, ही दोन वेगळी कामं आहेत. ऑर्डर नसताना जमीन कशासाठी पक्की करायची तेच ठरत नाही.


फॅब्रिकेशनवाला, उलवे

हिशेबनीस काका, एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात आणि एका बाबतीत नाही. मी वेल्डर होतो, नंतर फोरमन. समुद्रातले जॅकेट बनवणाऱ्या यार्डांत आयुष्य गेलं. इथे बहुतेकांनी हे काम जवळून पाहिलेलं नसेल म्हणून थोडं लांब लिहितो.

जॅकेट म्हणजे पोलादी पाइपांचा चार पायांचा सांगाडा. बॉम्बे हायला पाणी पाऊणशे मीटर, म्हणजे सांगाडा त्याहून उंच. तो उभा बांधत नाहीत, आडवा बांधतात, लोखंडी रुळांवर. एकेक सांधा भरताना आधी तापवायचा, वेल्ड झाल्यावर हळूहळू निववायचा, मग अल्ट्रासॉनिकने तपासायचा. केसाएवढी चीर निघाली की घासून काढायची आणि परत भरायची. पावसाळ्यात ताडपत्रीखाली. एका सांध्यावर दोन माणसं आठवडाभर असायची.

आणि मग लोडआउट. ती रात्र मी विसरू शकत नाही. बार्ज धक्क्याला लावलेला, शेपूट धक्क्याकडे. जॅकेट जॅकने ओढत, इंच इंच, धक्क्यावरून बार्जवर. आपल्याकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. धक्का जागचा हलत नाही, बार्ज पाण्याबरोबर हलतो. दोन्ही एका पातळीत ठेवायला बार्जच्या टाक्यांत पाणी भरायचं आणि काढायचं, पंप अखंड चालू. वजन बार्जवर आलं की तो खाली बसायला बघतो, तितकं पाणी त्याच क्षणी बाहेर. भरतीच्या त्या काही तासांत झालं तर झालं, अर्ध्यावर थांबता येत नाही. हजारो टन लोखंड, आणि सगळं यार्ड गप्प. नुसते पंप आणि सुपरवायझरच्या हातातला वॉकीटॉकी. सकाळी टगने बार्ज ओढून नेला तेव्हा आमच्यातले पन्नाशीचे लोक रडले होते.

आता तुमचा मुद्दा. ऑर्डर थांबल्या तेव्हा काय झालं ते मी भोगलं आहे. यार्ड होतं, जमीन पक्की होती, पण काम नव्हतं. दोन वर्षांत चांगले फिटर आणि वेल्डर आखातात गेले. नंतर काम आलं तेव्हा माणसं नव्हती. नवी पोरं शिकवायला तीन-चार वर्षं जातात, आणि सहा-जी पोझिशनचा, म्हणजे तिरपा धरलेला पाइप जोडणारा, वेल्डर कोर्स करून तयार होत नाही, उस्तादाच्या शेजारी बसून होतो. मातीपरीक्षक साहेब, चिखलापेक्षा माणसाला तयार व्हायला जास्त वेळ लागतो. तुमच्या हिशेबात ते धरा.

पण काका, पोर्टावॅडी सांगितलंत तर किशॉर्नही सांगा. तेही स्कॉटलंडचं, तेही त्याच दशकातलं. तिथे निनियन सेंट्रल प्लॅटफॉर्म बांधला, ६ लाख टनांचा, १९७८ ला समुद्रात ओढत नेला. त्या भागात रस्ता एकेरी होता, म्हणून परवानगी देतानाच अट घातली की माल समुद्रातून आणायचा, आणि कामगार नांगरलेल्या जहाजांवर राहिले. गव्हाण फाट्यावर ट्रेलरांमागे रोज तास घालवणाऱ्याला या अटीची किंमत कळेल. यार्ड १९८० च्या दशकात बंद पडलं. पण तो ड्राय डॉक बुजवला नाही. १९९० च्या दशकात स्कायच्या पुलाचे पाये त्यातच बनले आणि आता तेलाच्या रिगांच्या दुरुस्तीसाठी तो पुन्हा वापरात आहे. एकाच काळात खणलेले दोन खड्डे. एकाला काम मिळालं, एकाला नाही.


खारफुटीची मैत्रीण, ऐरोली

लोडआउटचं वाचून अंगावर काटा आला, खरंच. तरीही माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट लिहिते.

'जमीन पक्की करणं' म्हणजे खाडीच्या बाजूने काय होतं ते कोणी सांगत नाही. आधी बांध. बांध पडला की आतलं भरतीचं पाणी थांबतं. खारफुटी कुऱ्हाडीने तोडायची गरजच नसते, पाणी तोडलं की ती उभ्या उभ्या सुकते आणि दोन वर्षांनी कागदावर लिहिता येतं की इथे खारफुटी नाही. मी हे उलव्याकडे आणि उरणच्या बाजूला स्वतः बघितलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल दिला आहे की सार्वजनिक हिताचं काम असेल तरच, आणि तेही न्यायालयाच्या परवानगीने, खारफुटीला हात लावता येईल. त्याआधी २००५ चा अंतरिम आदेश होता. एवढं असूनही बांधामागे सुकलेली झाडं आपण सगळे जाता-येता बघतो.

दुसरं, भरावाचा मुरूम कुठून येणार? विमानतळासाठी उलव्याची ९२ मीटरची टेकडी कापली आणि उलवे नदी वळवली. यार्डासाठी पुढची कोणती टेकडी?

तिसरं ड्रेजिंग. इथलं पाणी गढूळ आहे, गाळ सतत येतो. जड बार्जसाठी चॅनेल खोल केला की तो दर वर्षी भरतो आणि दर वर्षी उपसावा लागतो. म्हणजे गाळ उपसणं एकदाचं नाही, कायमचं. तो गाळ टाकणार कुठे? ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तुमचा पट्टा तिच्या दक्षिणेला आहे हे मला माहीत आहे, पण भरतीचं पाणी तिथूनच वर येतं. भरतीला सीमा दाखवता येत नाही.

पवनऊर्जा मला हवी आहे. कोळशाची राख नको, म्हणून हवी आहे. पण स्वच्छ विजेच्या नावाखाली खाडी मारायची असेल, तर ती वीज स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही.


रोज लोकलने, कळवा

सगळ्यांचं बरोबर असेल. माझा मुलगा आयटीआय फिटर आहे आणि गोदामात पार्सलं उचलतो. त्याच्या हाताला शिकलेलं काम मिळावं एवढंच मला कळतं. यार्ड करा. नियम पाळून करा, पण करा.


मातीपरीक्षक, बेलापूर

एकेकाचं उत्तर देतो.

जागेबद्दल. मुळात पर्याय फार नाहीत. ऐरोली, वाशी, बेलापूर हा सगळा आतला किनारा वाशीच्या पुलांच्या आणि अटल सेतूच्या मागे आहे. उभी उंच वस्तू तिथून बाहेर निघणारच नाही. म्हणून माझी नजर सुरुवातीपासून दक्षिणेकडे होती. ऐरोलीच्या ताईंचं बांधाबद्दलचं निरीक्षण अचूक आहे. आमच्या लोकांना ते माहीत असतं आणि बोलत नाहीत, हेही खरं. म्हणून माझी मागणी बदलतो. नवा भराव नको. आधीच भरलेली, धक्का असलेली, पण जड भार न पेलणारी जमीन आपल्या पट्ट्यात आहे. बँड ड्रेन आणि स्टोन कॉलम (जमिनीत ठासलेले खडीचे खांब) तिथेच घालता येतात. त्यात बांध नाही, खारफुटीचा प्रश्न नाही आणि मुरूम तात्पुरता लागतो : एका तुकड्यावर भार टाकायचा, जमीन बसली की तोच मुरूम उचलून पुढच्या तुकड्यावर न्यायचा. ड्रेजिंगचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. उथळ बुडीचे बार्ज वापरले आणि उधाणाची भरती गाठून जड माल काढला तर खोली कमी लागते, पण शून्य नाही.

हिशेबनीस, न्यू बेडफर्डचं अर्धंच सांगितलं होतं, उरलेलं सांगतो, कारण ते तुमच्याही बाजूचं आहे. ते टर्मिनल २०१५ मध्ये तयार झालं ते केप विंड नावाच्या प्रकल्पाच्या भरवशावर. त्याच वर्षी जानेवारीत केप विंडचे वीजखरेदीचे करार गेले आणि पुढे तो प्रकल्पच गेला. टर्मिनल पवनचक्क्यांची वाट बघत राहिलं आणि २०२३ मध्ये व्हाइनयार्ड विंड या दुसऱ्या पवन प्रकल्पाचं सामान तिथे उतरू लागलं. आठ वर्षं. तुम्ही म्हणाल, बघा, आठ वर्षं पैसा पुरला. मी म्हणेन की ते तयार नसतं तर २०२३ चं काम दुसरीकडे गेलं असतं.

कॅनडातलं अर्जेन्शिया मला जास्त शिकवणारं वाटतं. पूर्वीच्या अमेरिकी नौदल तळाच्या जागी वेस्ट व्हाइट रोझ तेलक्षेत्रासाठी ड्राय डॉक खणला आणि काँक्रीटचा पाया ओतायला घेतला. २०२० मध्ये काम थांबलं, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं, २०२५ मध्ये तो पाया समुद्रात नेला. दरम्यान त्याच बंदराने दुसरं काम धरलं : अमेरिकेच्या पवनक्षेत्रांसाठी युरोपातून आलेले मोनोपाइल साठवून ठेवायचं. पक्की जमीन एका ग्राहकाची नसते. पवनचक्की नाही आली तर पुलाचे स्पॅन, तेलाची जॅकेट, मोडीत निघालेले जुने प्लॅटफॉर्म. बॉम्बे हायचे प्लॅटफॉर्म पन्नास वर्षांचे होत आले. ते कधीतरी काढावे लागतील आणि कुठल्या तरी पक्क्या धक्क्यावर उतरवावे लागतील. फोरमनदादांच्या माणसांना ते कामही येतं.


हिशेबनीस, नेरुळ

जुन्या भरावाच्या जमिनीपुरतं मर्यादित केलंत, हे चांगलं केलंत. खर्चही बराच खाली येईल. पण माझा विरोध अजून आहे. 'पवनचक्की नाही तर पूल, पूल नाही तर प्लॅटफॉर्म' ही भाषा मी फाइलींवर फार वाचली आहे. प्रत्येक प्रकल्प अहवालात उत्पन्नाचे चार स्रोत असतात आणि प्रत्यक्षात एकही येत नाही, कारण चौघांपैकी कोणीच सही केलेली नसते.

माझी अट अशी. बोअरिंग, पाहणी, नकाशे, परवानग्यांचा अभ्यास, हे सगळं राज्याने आत्ता करावं. ते स्वस्त आहे आणि वाया जात नाही. पट्ट्या आणि भार मात्र सहीचं पत्र हातात आल्यावर. तुमच्या चार वर्षांतली दीड-दोन वर्षं तेवढ्यानेही वाचतील. त्याच्या पुढे करदात्याचा पैसा जाऊ नये.


फॅब्रिकेशनवाला, उलवे

त्या दोन वर्षांत शिकाऊ पोरं घ्या. कळव्याच्या ताई किंवा दादा जे कोणी आहात, तुमच्या मुलासारखी. यार्ड असो नसो, हात तयार होतील. याला भरावही लागत नाही.


नाखवा, दिवाळे

मी इतके दिवस वाचत होतो. साहेबांनी नवा भराव सोडला, हे मोठं आहे, मी मान देतो. पण भराव नाही म्हणजे आमचं नुकसान नाही असं समजू नका. बार्ज जाणार, टग जाणार, त्यांच्या वाटेत डोळ चालत नाही. रात्री यार्डाचे दिवे पाण्यावर पडतात, पाइलिंगचा हादरा पाण्यातून लांब जातो. धक्का जुना असला तरी पाण्यातली वाट नवीनच असते.

वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी आमच्यातली संस्था उच्च न्यायालयात गेली, २०२१ ला न्यायालयाने नुकसानभरपाई मान्य केली आणि सरकारला धोरण करायला सांगितलं. भरपाई हा एक भाग. पण भरपाई एकदा मिळते. पोराचं लग्न, घराचं छप्पर, संपली. मला दुसरं विचारायचं आहे. माझ्या भाचीने दाखवलं, डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समोर मिडलग्रुंडेन म्हणून वीस पवनचक्क्या आहेत, २००० सालच्या. त्यांचे पाये एका जुन्या जहाजकारखान्याच्या ड्राय डॉकमध्ये ओतले होते, आणि निम्म्या चक्क्यांची मालकी सहकारी संस्थेची आहे, साध्या सभासदांची. सहकार आपल्याला कोणी शिकवायला नको. साखर कारखाना सभासदांचा होतो, दूध संघ होतो. मग धक्क्यावर दर बार्जमागे जे भाडं येईल त्यात मच्छीमार संस्थांचा हिस्सा का नको? टगवर आमची पोरं का नकोत? या खाडीतलं पाणी कुठे कसं फिरतं ते त्यांना पाठ आहे. नोकरी द्या म्हणत नाही, हिस्सा म्हणतो. शेतकऱ्याला साडेबारा टक्के मिळवायला रक्त सांडावं लागलं. आम्हाला टेबलावर मिळायला काय हरकत आहे?

हे लिहून मिळालं तर मी बसायला तयार आहे. नाही मिळालं तर पहिल्या बोअरच्या दिवशी आमच्या होड्या तिथे उभ्या असतील.


खारफुटीची मैत्रीण, ऐरोली

हिश्श्याला माझा पाठिंबा. ड्रेजिंगचं उत्तर येईपर्यंत यार्डाला मात्र नाही. गाळ कुठे टाकणार ते नकाशावर दाखवा, मग बोलू.


मातीपरीक्षक, बेलापूर

हिस्सा हा माझ्या अधिकारातला विषय नाही, पण अहवालात शिफारस म्हणून लिहीन आणि खाली सही करीन. हिशेबनीसांशी सहमत नाही. सहीचं पत्र येईपर्यंत थांबणं म्हणजे पुन्हा मागे राहणं, हे मला अजूनही वाटतं. पण पाहणी आणि बोअरिंग आत्ता, एवढ्यावर आपण तिघे-चौघे आलो आहोत, तर तेवढं तरी पुढे नेऊ.

नाखवा, एक कामाचं विचारतो. कधी पाहणीचं काम निघालंच, तर जून-जुलैच्या बंदीत पाऊस आणि लाटा असल्याने बोअरिंगचा बार्ज उभा राहत नाही. ऑक्टोबरनंतर तुमचा हंगाम. नांगर टाकायला कोणते दिवस धरू?


नाखवा, दिवाळे

भांगाचे धरा. अष्टमीच्या आगेमागे पाण्याला ओढ नसते, डोळीत काही पडत नाही, आम्ही जाळी शिवत बसलेले असतो. तुमच्या बार्जलाही ओढ कमी तेवढी बरी. उधाण लागलं की पाणी आमचं, तेव्हा नांगर उचलायचा. आणि नांगर टाकायच्या आदल्या दिवशी जेट्टीवर या, खुंट कुठे आहेत ते होडीतून दाखवतो. तुमच्या नकाशावर त्या जागी खूण करून घ्या.


मातीपरीक्षक, बेलापूर

नकाशा घेऊन येतो.